चॉकलेटी मलमाखाली काय होतं

माझ्या फायकस बोन्सायच्या खोडावर, मागच्या बाजूला, कुंडीच्या काठापासून चार बोटं वर, दहाच्या नाण्याएवढा चॉकलेटी डाग होता. झाड घेताना मी त्याबद्दल विचारलंही. "ताई, ती जपानी कट पेस्ट. फांदी काढली की जखम बंद करावीच लागते, नाहीतर झाड गेलंच समजा." स्टॉलवाला इतक्या सहज म्हणाला की मीच ओशाळले, एवढं साधं आपल्याला कसं ठाऊक नाही म्हणून.

ही गोष्ट गेल्या वर्षीच्या जानेवारीतली, पुण्यातल्या एका पुष्पप्रदर्शनातली. 'पंधरा वर्षांचं' झाड ३,८०० रुपयांना आणि जपानी अक्षरांचं स्टिकर लावलेली पेस्टची डबी ४५० ला. पैसे फोनवरून दिले, बिल मागितलं नाही. डबी देताना त्याने बजावलं, "पान खुडलं तरी टिंब लावायचं." त्याची डबी लवकर संपायला हवी होती, हे आता कळतंय.

मी आज्ञाधारक विद्यार्थिनी! फायकसला लावली, बोगनवेलीला लावली, जेड प्लांटलाही लावली. जेडचं तर मीच वाटोळं केलं म्हणा. त्याच्या मांसल खोडात पाणी भरलेलं असतं. कापलेली जागा उघडी ठेवून चार-सहा दिवस कोरडी पडू द्यायची, पाणी आवरतं घ्यायचं, बस्स. मी वरून बूच मारलं आणि रोज पाणीही घातलं. महिन्याभरात दोन फांद्या काळ्या पडून हाताला लिबलिबीत लागायला लागल्या.

मे महिन्यात पहिला वळीव झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतले सगळे चॉकलेटी डाग दुधाळ पांढरे झालेले दिसले. नखाने टोकरलं तर पेस्ट रबरासारखी ताणली गेली. तेव्हा घरात दार दुरुस्तीसाठी सुतार आलेले होते. त्यांनी डबी हुंगली आणि हसले. "काकू, ही तर आमची लांबी. फेविकॉलात भुसा कालवायचा, रंग टाकायचा. दाराच्या भेगांत आम्ही हेच भरतो. पाणी लागलं की पांढरं पडणारच."

मग मी फायकसच्या त्या मोठ्या डागाकडे वळले. दात कोरायची काडी टेकवली आणि ती सरळ अर्धीअधिक आत गेली. मलम निघालं तसा ओला भुसा बाहेर आला, त्यामागून मुंग्या. खोड आतून पोखरलेलं होतं. बाहेरून पंधरा वर्षांचा रुबाब, आत भुसा. स्टॉलवाल्याला फोन लावला तर "नंबर बंद आहे".

खरी कट पेस्ट असते, तिची बदनामी करायची नाही. एक प्रकार नळीतला, पातळ. दुसरा कणकेसारखा, बोट ओलं करून दाबायचा. हा दुसरा प्रकार बराच काळ मऊ राहतो आणि कडेने नवी साल वळायला लागली की ती त्याला ढकलून देते. मुळात जखम झाडच भरतं. ॲलेक्स शायगो या अमेरिकन वनस्पतिरोगतज्ज्ञाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि सांगितलं की झाड कुजका भाग आतल्या आत भिंत घालून वेगळा पाडतं, वरून फासलेल्या रंगाने कुजणं थांबत नाही. बोन्सायवाले पेस्ट लावतात ती मुख्यतः मोठ्या कापाची कड सुकू नये आणि साल एकसारखी वळावी म्हणून. पेन्सिलीपेक्षा बारीक फांदीला मी आता काहीच लावत नाही. फायकसचा तर स्वतःचा चीकच असतो. ओल्या फडक्याने टिपायचा, थांबतो.

मोठा काप असेल तर बोर्डो पेस्ट. सांगोल्याला माझ्या मामेभावाची डाळिंबाची बाग आहे, तिथे खोडांना हीच फासतात. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. घरच्यासाठी १० ग्रॅम, १० ग्रॅम, १०० मिली. दोन्ही वेगवेगळे, निम्म्या निम्म्या पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात भिजवायचे आणि मग एकत्र करायचे. लोखंडी खिळा बुडवून बघायचा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय. निळसर डाग राहतो, शोभेला थोडा कमीपणा येतो, इतकंच.

तुम्ही झाड विकत घेणार असाल तर ते पाठमोरं करून बघा. खोडावर पेस्टचा मोठा ठिपका असेल तर तो तिथेच काढून दाखवायला सांगा. खोड अंगठ्याने दाबा, बोटाने वाजवा. बारीक फांदीची साल नखाने किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं पाहिजे.

मी फायकस पोकळीच्या खाली आडवा कापला. आता सात इंचांचं ठेंगणं खोड आहे, कडेने सालीचं जाड ओठासारखं वळण आलंय, वर तीन फुटवे. यंदाच्या जानेवारीत प्रदर्शनाला गेले, पर्समध्ये दात कोरायच्या काड्या होत्या. दुसऱ्याच एका स्टॉलवर तसाच चॉकलेटी डाग दिसला म्हणून काडी काढली, तर मागून आवाज आला, "मॅडम, झाडांना हात लावायचा नाही."