धोपावे–दाभोळ फेरीबोट: आमच्या कोयनेचं पाणी इथं भेटलं

आम्ही कराडचे. प्रीतिसंगम, म्हणजे कृष्णा-कोयनेचा संगम, घरापासून चालत दहा मिनिटांवर. जानेवारीत गुहागर करून दापोलीला निघालो, तर लॉजवाला म्हणाला, "चिपळूण-खेडवरूनच जा, बोटीच्या नादी लागू नका." ऐकलं असतं तर शंभर किलोमीटरच्या वर वळसा पडला असता. धोपाव्याहून बोटीनं वाशिष्ठीची खाडी ओलांडली आणि पलीकडचं दाभोळ पंधरा मिनिटांच्या आत आलं.

तिकीट धक्क्यावरच मिळतं. बोटीची लोखंडी फळी खडखडत उतारावर टेकली, आधी पलीकडची माणसं आणि गाड्या उतरल्या, मग आमची पाळी. ओहोटीला उतार लांब आणि ओला असतो, म्हणून बायको गाडीतून उतरून चालत आली. बोटीवरच्या पोरानं "काका, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा" म्हणून बजावलं आणि ओढलाय का ते खिडकीतून वाकून बघितलंसुद्धा. मला हे फार आवडलं.

पण मी पाच तारे देतोय ते पाण्यासाठी. धोपाव्याहून निघताना उजव्या कठड्याला उभे राहा. डावीकडे समुद्र, उजवीकडे वाशिष्ठीची खाडी आत चिपळूणपर्यंत गेलेली. खेडकडची जगबुडीही तिलाच मिळते. भरती लागली होती. सागाचं एक वाळकं पान समुद्राकडे जायचं सोडून चिपळूणच्या दिशेनं सरकत होतं. बोटीनं त्याला मागं टाकलं तरी मी बघत राहिलो. पावसाळ्यात पूर आणि भरती एकदम आली की नदीचं पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणनं पूर भोगलाय, त्यामुळं त्या पानाकडे बघताना पोटात गलबललं.

कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात, डबकी उरतात. वाशिष्ठी मात्र उन्हाळ्यातही वाहते, ती कोयनेमुळं. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना दक्षिणेला येते, हेळवाकला पूर्वेकडं वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागराचं. पण कोयना धरणातलं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीखाली पोफळीला उतरतं, वीज करतं, कोळकेवाडीच्या धरणात साठतं, अलोऱ्याला पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीत पडतं. कृष्णा लवादानं असं पश्चिमेला सोडायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. आमचे अण्णा अलोऱ्याच्या कामावर होते. सुट्टीला घरी आले की म्हणायचे, "आपली नदी आम्ही कोकणात सासरी धाडली." ती सासरी कुठवर जाते, हे मी साठीत पहिल्यांदा बघितलं.

एक मागणी आहे. धक्क्यावर या खाडीचा साधा नकाशा रंगवा. बोटीची वाट बघत पोरं उभी असतात, त्यांना कळू दे हे पाणी कुठून आलं.

जाणाऱ्यांनी कुंभार्ली घाटानं उतरावं, पोफळी-अलोरे बघत चिपळूण, मग गुहागर, आणि शेवटी ही बोट. पाण्यामागोमाग प्रवास होतो. भरती-ओहोटीची वेळ आधी विचारून घ्या, म्हातारी माणसं बरोबर असतील तर भरतीलाच चढा. दाभोळला उतरल्यावर जुनी शाही मशीद धक्क्याजवळच आहे, ती चुकवू नका.