निवडीच्या कसोटीवर लाइटरूम क्लासिक

लाइटरूम क्लासिक या अ‍ॅडोबीच्या फोटो लावून ठेवण्याच्या व संपादनाच्या सॉफ्टवेअरची चर्चा बहुधा रंग, सावल्या आणि एका क्लिकवर लागणारे तयार प्रीसेट यांच्याभोवतीच फिरते. पण ज्याला आपली छायाचित्रकला सुधारायची आहे, त्याने या सॉफ्टवेअरकडे आधी फोटो नाकारण्याचे साधन म्हणून पाहावे, असे माझे मत आहे.

निवडीची मूळ व्यवस्था साधी आहे. ‘पी’ दाबले की फोटो निवडला जातो, ‘एक्स’ दाबले की नाकारला जातो, ‘यू’ने खूण निघते आणि ऑटो अ‍ॅडव्हान्स चालू असल्यास पुढचा फोटो आपोआप समोर येतो. एक ते पाच तारे देण्याचीही सोय आहे, पण स्वतःच्या कामाला तारे देताना हात सैल सुटतो आणि तीन ताऱ्यांचा ढीग साचत राहतो, म्हणून सुरुवातीला तरी मी ताऱ्यांपेक्षा खुणांचीच शिफारस करीन. लायब्ररीच्या मेनूत ‘रिफाइन फोटोज’ नावाची एक आज्ञा आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही याचे मला आश्चर्य वाटते. ती दिल्यावर ज्यांवर काहीच खूण नाही असे फोटो नाकारलेल्यांत जमा होतात, तर निवडलेल्यांची खूण निघून ते पुन्हा परीक्षेला बसतात. ‘बघू नंतर’ म्हणून मागे ठेवलेल्या फोटोंना त्यामुळे आसराच उरत नाही. पहिल्या फेरीनंतर काही दिवस जाऊ देऊन, फोटो काढतानाचा उत्साह ओसरल्यावर दुसरी फेरी केली, तर हिचा खरा उपयोग कळतो. एकाच प्रसंगाचे पाच-सहा फोटो असतील तेव्हा ‘एन’ दाबून सर्व्हे दृश्यात ते एकत्र पाहावेत आणि एकेक बाहेर काढत जावे; सुटे पाहताना चांगले वाटणारे फोटो शेजारी शेजारी आले की त्यांतील उणिवा पटकन दिसतात.

प्रयोगांचा हिशेब ठेवण्यासाठी मेटाडेटा, म्हणजे फोटोसोबत नोंदली जाणारी माहिती, चाळणारा फिल्टर उपयोगी पडतो. समजा, हालचाल टिपण्यासाठी कोणी मुद्दाम १/१५ सेकंदाच्या आसपासच्या शटर गतीवर काम करीत असेल, तर शटर गतीचा स्तंभ उघडून त्याला निवडीची खूण जोडल्यास कोणत्या गतीचे किती फोटो शेवटपर्यंत टिकले ते आकड्यांत समोर येते. लेन्स, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांचीही अशीच छाननी करता येते. व्हर्च्युअल कॉपीमुळे मूळ फाइलला धक्का न लावता एकाच फोटोचे कृष्णधवल रूप आणि वेगळी चौकट पडताळून पाहता येते, मात्र शेवटी त्यांतूनही एकच ठेवावे.

नव्या आवृत्तीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने फोटो वेगळे करण्याची सोय आली आहे. विषय आणि डोळे स्पष्ट आहेत का, डोळे उघडे आहेत का, अशा निकषांवर ती चालते. समारंभाचे शेकडो फोटो चाळणाऱ्याचा वेळ तिने वाचेल. पण जाणीवपूर्वक धूसर ठेवलेली आकृती किंवा मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा तिच्या लेखी दोषच ठरणार, म्हणून प्रयोग करणाऱ्याने तिला दूरच ठेवावे.

वेग ही या सॉफ्टवेअरची जुनी कमतरता आहे. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) आधीच असलेला प्रीव्ह्यू, म्हणजे तयार छोटे चित्र, वापरून फोटो चाळण्याची सोय २०१७ मध्ये आल्यापासून चाळणी बरीच सुसह्य झाली असली, तरी केवळ याच कामासाठी घडवलेला फोटो मेकॅनिक अधिक चपळ आहे. शिवाय लाइटरूम क्लासिक वर्गणीवरच मिळते. ज्यांना वर्गणी नको असेल त्यांना डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्येही तारे, नकाराची खूण आणि फोटो शेजारी ठेवून पाहण्याचे दृश्य मिळते, पण रिफाइन फोटोजसारखी फेरी तेथे स्वतःच्या शिस्तीने करावी लागेल.