भरतीचा तक्ता त्याच्या पाठीमागेच लावलेला होता

फुकेतहून फांग न्गाच्या उपसागरात दिवसभराची बोट सहल करायचं ठरवलं असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. आमचे चौघांचे ६,६०० बाथ गेले, आणि जे पाहण्यासाठी ती सहल घेतली होती नेमकं तेवढंच पाहायला मिळालं नाही. ते मिळणार नाही हे विकणाऱ्याला पैसे घेतानाच ठाऊक होतं. राग त्याचा आहे.

आम्ही म्हणजे मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. मुलीनं घरी असतानाच उपसागरातल्या हाँगचा व्हिडिओ पाहिला होता आणि तिचा सगळा हट्ट त्यासाठीच होता. फांग न्गाच्या पाण्यातून चुनखडीचे कडे सरळ उभे आलेत. त्यातली काही बेटं आतून पोकळ आहेत. हजारो वर्षं पाण्यानं दगड विरघळत गेला, मधलं छत कोसळलं आणि बेटाच्या पोटात आकाशाकडे उघडी अशी जागा तयार झाली. तळाला समुद्राचं पाणी, चहूबाजूंनी झाडी लटकलेले कडे. थाई भाषेत हाँग म्हणजे खोली. या खोलीत जायला बहुधा एकच वाट असते, कड्याच्या बुडाशी असलेली गुहा. हवेच्या छोट्या होडीत आडवं पडायचं, वल्हवणारा होडी आत सरकवतो आणि छत नाकाच्या वर वीतभर अंतरावरून जातं.

पातोंगच्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर दर वीस पावलांवर सहली विकणारं एक टेबल असतं. त्यातल्याच एका टेबलापाशी आम्ही थांबलो. माणूस बोलायला गोड होता, मुलीला त्यानं चॉकलेटही दिलं. मी त्याला स्पष्ट सांगितलं की आम्हाला बाकी काही नसलं तरी चालेल, पण को पानाक बेटाच्या गुहेतून हाँगमध्ये जायचंच आहे. "उद्या नक्की जाता येईल?" हा प्रश्न मी दोनदा विचारला. दोन्ही वेळा तो म्हणाला, "हंड्रेड पर्सेंट." मोठ्यांना प्रत्येकी १,८०० आणि मुलीला १,२०० बाथ, गाडी, जेवण, गुहेतली होडी, राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क सगळं त्यातच. दुपारी निघणारी सहल आहे का, असंही नवऱ्यानं विचारलं होतं. ती भरली आहे, आणि सकाळची जास्त चांगली, असं उत्तर आलं. पावतीवर त्यानं हातानं लिहिलं: "जेबी टूर, पूर्ण दिवस, ४". जेबी म्हणजे जेम्स बाँड. बस्स, एवढंच. मुलीचा त्या रंगीत फलकासमोर एक फोटो काढला आणि आम्ही खुशीत हॉटेलवर आलो.

सकाळी गाडीत बसल्यावर प्रत्येकाच्या छातीवर हिरवा स्टिकर लावला. शेजारच्या जोडप्याकडेही तोच स्टिकर होता, पण त्यांनी माणशी १,१०० बाथ दिले होते. म्हणजे टेबलवाल्याची स्वतःची बोट नव्हतीच. असे वीसपंचवीस विक्रेते एकाच बोटीत माणसं भरतात आणि प्रत्येकजण वाटेल तो भाव लावतो. भावातला फरक मी फसवणूक म्हणणार नाही, तो बाजार आहे. पण धक्क्यावर बोटीचा माणूस हातात रोख पैसे गोळा करत आला: उद्यानाचं शुल्क, मोठ्यांचे ३०० आणि मुलीचे १५०. आमच्या सहलीत ते धरलेलं आहे म्हटलं तर म्हणाला, ते तुमच्या एजंटला विचारा. दोर सोडायची वेळ झाली होती, मागे रांग होती. आम्ही १,०५० बाथ दिले. उद्यान या पैशांचं छापील तिकीट देतं. आमच्या हातात कसलंच तिकीट पडलं नाही, विचारलं तर "ग्रुप तिकीट, माझ्याकडे आहे" असं सांगण्यात आलं.

आणि मग को पानाक. साडेअकराच्या सुमाराला बोट कड्यापाशी थांबली. गुहेचं तोंड कुठे आहे तेच दिसेना, कारण ते पाण्याखाली होतं. वरची एक काळी कड तेवढी दिसत होती आणि लाट आली की तीही बुडत होती. गाइडनं ध्वनिक्षेपकावर जाहीर केलं, "सॉरी, हाय टाइड. सेफ्टी फर्स्ट." होड्यांमध्ये बसवून कड्याच्या बाहेरून दहा मिनिटं फिरवलं आणि परत बोटीवर घेतलं.

या उत्तरापुढे बोलता येत नाही, आणि बोलूही नये. २०१८च्या जुलैमध्ये फुकेतजवळ वादळी समुद्रात एक पर्यटक बोट बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. बोटीवरच्या माणसानं धोका आहे म्हटलं की विषय संपला पाहिजे. गाइड खोटं बोलत नव्हता. भरलेल्या पाण्यात कोणी आत नेतो म्हणाला असता तर मीच मुलीला पाठवलं नसतं. या फसवणुकीचं कसब तिथेच आहे. खोटं किनाऱ्यावर बोललं जातं, आणि समुद्रावर जे कारण मिळतं ते शंभर टक्के खरं असतं. बोटीवरचे साठसत्तर लोक "निसर्गापुढे काय चालणार" म्हणून गप्प बसले. आम्हीही तसेच बसलो असतो.

पण सासरे बोटांवर हिशेब करत होते. त्यांची सगळी नोकरी कोकणात बंदर खात्यात गेली. आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. ते म्हणाले, "हा हिशेब इथे चालायचा नाही, इथलं पाणी वेगळ्या वेळेला येणार. पण आज पौर्णिमेनंतरची द्वितीया, म्हणजे उधाण. आणि या गावच्या माणसाला हे काल माहीत नव्हतं? अगं सूनबाई, समुद्र ऐनवेळी ठरवत नाही काही."

बाकीचा दिवस पटकन सांगते. खाओ फिंग कान, ज्याला १९७४च्या बाँडपटामुळे सगळे जेम्स बाँड आयलंड म्हणतात, तिथे चाळीस मिनिटं मिळाली. समोर पाण्यात उभा असलेला को तापू हा सुळका खरंच विलक्षण आहे, जेमतेम वीस मीटर उंच, बुडाशी निमुळता आणि वर जाड. टेबलावरच्या फलकावर बोट त्या सुळक्याला अगदी खेटून उभी होती. १९९८पासून बोटींना त्याच्या जवळ जायला बंदी आहे, हे आम्हाला तिथे उभं राहिल्यावर समजलं. तो फोटोही गिऱ्हाइकासाठीच ठेवलेला. जेवण को पानयी या खांबांवर उभ्या असलेल्या मच्छीमारांच्या गावात होतं. शाकाहारी म्हणून सांगितलेल्या सुपात कोळंबी निघाली.

साडेतीनच्या सुमाराला परत येताना बोट पुन्हा को पानाकवरून गेली. आता पाणी बरंच उतरलं होतं आणि सकाळी जिथे नुसती काळी कड दिसत होती तिथे गुहेचं तोंड होतं. दुसऱ्या एका बोटीच्या होड्या एकेक करून आत जात होत्या. मुलगी कठड्याला धरून बघत राहिली. "आई, आपण थांबूया ना," म्हणाली. आमची बोट थांबणार नव्हती.

रात्री फोनवर त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक शोधलं. थायलंडच्या नौदलाचं जलसर्वेक्षण खातं ही वेळापत्रकं काढतं आणि ती फुकट पाहता येतात. पूर्ण भरती ११ वाजून ४८ मिनिटांनी. आणि मग फोटो चाळताना नवऱ्यानं मुलीचा तो टेबलापुढचा फोटो मोठा केला. तिच्या खांद्यामागे, त्या माणसाच्या खुर्चीच्या अगदी वर, महिन्याच्या भरती-ओहोटीचा छापील तक्ता चिकटवलेला होता. आमच्या तारखेच्या ओळीत ११:४८ स्वच्छ वाचता येत होतं. त्या तक्त्याकडे पाठ करून तो "हंड्रेड पर्सेंट" म्हणाला होता. सकाळच्या जागा रिकाम्या होत्या, त्या भरायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी टेबलावर वेगळाच माणूस. पावती बघून म्हणाला, सहल तर झाली, बोट गेली, जेवलात, आता परत कसले पैसे? आम्ही पर्यटक पोलिसांना फोन केला. क्रमांक ११५५, इंग्रजीत बोलतात आणि नीट ऐकून घेतात. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, पावतीवर परवाना क्रमांक काय आहे? नव्हताच. थायलंडमध्ये २००८च्या कायद्यानुसार सहल विकणाऱ्याला परवाना लागतो आणि सरकारकडे अनामत ठेवावी लागते. पर्यटकाला कबूल केलेलं दिलं नाही, तर त्या अनामतीतून भरपाई मिळू शकते. पण परवानाच नसेल तर अनामत कुणाची शोधायची? पोलिसांनी टेबलवाल्याशी फोनवर बोलून उद्यान शुल्काचे १,०५० बाथ तेवढे परत करायला लावले, कारण ते दोनदा घेतल्याचं तो नाकारू शकला नाही. गुहेबद्दल मात्र तो म्हणाला, मी असं काही सांगितलंच नाही. पावतीवर गुहा हा शब्द नव्हता.

म्हणून कळकळीनं सांगते. को पानाकला किती वाजता पोचणार हे विक्रेत्याला विचारा, आणि त्या वेळी पाणी किती असेल ते त्याच्यासमोरच फोनवर बघा. पाणी पूर्ण भरलेलं असलं तर छत बुडतं, पूर्ण उतरलेलं असलं तर चिखलात होडी अडते. वाट असते ती मधल्या वेळेत. गुहेचं नाव, पोचण्याची वेळ आणि आत जाता आलं नाही तर किती पैसे परत, हे तिन्ही पावतीवर लिहून घ्या. लिहायला कां कूं करत असेल तर पुढच्या टेबलाकडे चला. पावतीवर मधे तिरकी रेघ असलेला परवाना क्रमांक छापलेला आहे का ते बघा, आणि उद्यानाचे पैसे मागितले तर तिकीट हातात पडल्याशिवाय देऊ नका.

हॉटेलच्या स्वागतकक्षातल्या मुलीला आम्ही शेवटी तो फोटो दाखवला. तिनं तक्त्यावरून बोट फिरवलं. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे सकाळच्या बोटीला गुहा उघडी मिळायला अजून चार दिवस लागतील, असं तिनं सांगितलं. आमचं विमान परवाचं होतं.