कंडक्टर उंबऱ्याच्या पुढे येईना: घरी येणाऱ्या व्हेटचा अनुभव, आणि थोडं रबर मॅटबद्दल

आधीच सांगतो, डॉक्टर मॅडमचं नाव-नंबर इथे टाकत नाहीये. त्यांनीच सांगितलंय की बाबा फॉरवर्ड करत सुटू नका, एकटीच आहे, दिवसाला चार-पाच घरं जमतात. त्यामुळे हा रिव्ह्यू त्यांचा कमी आणि म्हाताऱ्या कुत्र्यासाठी व्हेटला घरी बोलवावं का, पैसे वसूल होतात का, याचाच जास्त आहे. मध्ये मध्ये बूट, हार्नेस आणि मॅटवर घातलेल्या पैशांचा हिशोबही येईल.

तर आमच्याकडे साडेअकरा वर्षांचा गावठी कुत्रा आहे, हल्ली इंडी म्हणायचं. नाव कंडक्टर. वडाळा डेपोच्या मागे पावसात सापडला, आणि पिल्लू असताना घरभर फिरायचा तेव्हा नखांचा टक टक टक आवाज यायचा, अगदी बेस्टचा कंडक्टर तिकिटाचा पंच वाजवत यायचा तसा, म्हणून आईने ठेवलेलं नाव. अकरा वर्षं सकाळी साडेसहाला हा गडी स्वतः पट्टा तोंडात धरून उभा. वडाळ्याहून पाच गार्डनपर्यंत जायचं, पाचही गार्डनांची हजेरी लावायची, मग परत. मुसळधार पावसातसुद्धा सुट्टी नाही.

आणि पाडव्यानंतर एक दिवस बंद. म्हणजे पट्टा दाखवला की शेपूट हलते, उठून दारापर्यंत येतो, आणि उंबऱ्यावर थांबतो. डबल बेल दिली तरी गाडी हलेना. ओढलं तर चारही पाय रोवून मागे रेलतो, मान पट्ट्यातून निसटायला येते, आणि तोंड असं करतो की आपल्यालाच अपराधी वाटावं.

पहिले आठ दिवस आम्ही म्हटलं गरमीमुळे असेल. एप्रिलमधला डांबरी रस्ता दुपारी हाताची मागची बाजू सात-आठ सेकंद टेकवून बघा, टेकवत नाही, आणि हे लोक त्यावर अनवाणी चालतात. पण हा पहाटेही येईना, मग गरमीचा प्रश्न कुठे आला. तरी मी हुशारी करून ऑनलाइन बूट मागवले, चार बूट 899 रुपये. बुटांचा रिव्ह्यू एका ओळीत: घालायला 20 मिनिटं, घातल्यावर कंडक्टर बागेतल्या पुतळ्यासारखा उभा, आणि नंतर कळलं की कुत्रा गुळगुळीत जमिनीवर पकड घेतो ती पंजाच्या गाद्यांनी, आणि मी नेमक्या त्याच झाकून टाकलेल्या. शून्य स्टार.

मग एका दवाखान्यात नेलं, नाव नको. तिथे टॅक्सीतून उतरला तो ताठ मानेने आत गेला, टेबलावर व्यवस्थित उभा राहिला, आणि निघताना तर मलाच दरवाज्याकडे ओढत होता. डॉक्टर म्हणाले, चालतोय की छान, वय झालंय आता, मूड नसतो. टॉनिक लिहून दिलं. आता त्यांना तरी काय दोष देणार, त्यांनी जे बघितलं त्यावरून बोलले. पुढे मॅडमनी सांगितलं की हे अगदी कॉमन आहे, दवाखान्यात कुत्रा घाबरलेला असतो आणि भीतीच्या भरात दुखणं लपवतो, लंगडणारासुद्धा चार पावलं सरळ टाकून दाखवतो. त्यामुळे दवाखान्यात जाणारच असाल तर घरातला व्हिडिओ काढून न्या. झोपेतून उठतानाचा, पाणी पिऊन वळतानाचा, आणि जिथे अडतो तिथला. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर टॉनिकचे पैसे वाचले असते.

आता मुख्य गोष्ट. आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंकडून या मॅडमचा नंबर मिळाला. व्हिजिट फी 1500. वेळ दिलेली अकराची, आल्या एकला दहा कमी असताना, सायनला ट्रॅफिक. एक स्टार तिथेच कापलाय, कारण आईने तिचं औषध पुढे ढकललं होतं आणि मी हाफ डे टाकला होता, आणि उशीर होतोय हा मेसेज मलाच करून विचारावा लागला.

पण आल्यावर. मला वाटलं आल्या आल्या स्टेथोस्कोप लावतील. त्या सरळ खाली लादीवर बसल्या, चहा घेतला, आणि पहिली वीस मिनिटं कुत्र्याला हातच लावला नाही. आईला विचारत राहिल्या. काकू, झोपून उठताना पुढचे पाय आधी टाकतो का मागचे? दिवाणावर अजून चढतो का? कधीपासून नाही? अंग झाडतो का पूर्वीसारखं, की अर्ध्यातच सोडतो? रात्री जागा बदलत राहतो का? आणि आई, जी मला सांगत होती की हा नुसता नाटकी झालाय, ती धडाधड उत्तरं देत होती की दिवाणावर चढणं तर गणपतीपासून बंद आहे, आणि शी करताना हल्ली बसत नाही धड, चालत चालतच उरकतो. मी त्याच घरात राहतो आणि मला यातलं एकही माहीत नव्हतं.

मग मला म्हणाल्या, दादा, रोज नेता तसंच न्या, मी मागून व्हिडिओ घेते.

आम्ही तळमजल्यावर राहतो. दारापासून बिल्डिंगच्या गेटपर्यंत 18 फुटांचा पॅसेज. कंडक्टर आला, उंबऱ्यावर थांबला, एक पुढचा पाय खाली ठेवला, मग दुसरा, आणि मागे गेला. मॅडमनी तो व्हिडिओ स्लो करून मला दाखवला. पुढचे दोन्ही पाय टेकल्यावर मागचा डावा पाय जेमतेम उंबरा ओलांडतो, टेकतो, आणि बाहेरच्या बाजूला सरकतो. तीनेक इंच. लगेच कान मागे, जीभ एकदा नाकावरून, आणि रिव्हर्स. हे सगळं दीड सेकंदात, नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आपल्याला दिसतो तो फक्त हट्ट.

त्यांनी खाली बघितलं, आणि माझ्याऐवजी वॉचमनला विचारलं की ही लादी कधी बसवली. तो म्हणाला, "पाडवे के टाइम, मॅडम. तब से ये आगे आताच नहीं." म्हणजे वॉचमनला माहीत होतं! आमच्या सोसायटीने पॅसेजमधली जुनी खडबडीत शहाबादी काढून चकाचक व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या, पांढऱ्या, आरशासारख्या, त्याचं कौतुक मीच व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे टाकून केलेलं.

पुढची टेस्ट फुकटची आणि कुणालाही घरी करता येण्यासारखी. म्हणाल्या, उचलून गेटच्या बाहेर ठेवा. 24 किलोचं धूड, मी आणि वॉचमनने मिळून उचललं आणि रस्त्यावरच्या पेव्हर ब्लॉकवर ठेवलं. कंडक्टरने अंग झाडलं (अर्धंच), समोरच्या स्कूटरच्या चाकाला मान दिला, आणि चालायला लागला. नाक्यापर्यंत. शेपूट वर. परत आल्यावर गेटपाशी थांबला आणि आत येईना. हे तर आम्ही आधीही बघितलेलं, पहिल्या काही दिवसांत एकदोनदा जबरदस्तीने बाहेर काढला होता तेव्हा, आणि आमचा अर्थ असा होता की बघा, एकदा बाहेर आला की याला घरी जायचं नसतं, किती लबाड. त्याला बिचाऱ्याला आत काय, बाहेर काय, ते 18 फूट नको होते.

मला वाटलं संपलं, टाइल्सचा दोष. पण मॅडम म्हणाल्या, लादी गुळगुळीत आहे हे खरं, पण चार वर्षांचा कुत्रा यावर घसरला असता आणि सावरून पळाला असता. हा सावरू शकत नाही, हा खरा मुद्दा. एकदा घसरून पाय फाकला असेल, कळ गेली असेल, आणि त्याने जागा लक्षात ठेवली. मग हात लावला. मागच्या मांड्या दाबून दाखवल्या, डाव्या बाजूचा स्नायू हाताला सरळ बारीक लागतो. कंबरेतून पाय मागे ताणल्यावर कंडक्टरने मान वळवून त्यांच्या हाताकडे बघितलं. गुरगुर नाही, नुसतं बघितलं. आणि नखं. फिरणं कमी झाल्यामुळे झिजली नव्हती, इतकी वाढलेली की उभं राहिल्यावर टेकत होती आणि बोटं वर उचलली जात होती, म्हणजे आधीच घसरडं त्यात गादी टेकतच नाही. तो टक टक आवाज पुन्हा सुरू झालेला आणि आम्ही म्हणायचो, बघा लहानपणीचा कंडक्टर परत आला.

एक्सरे त्यांच्याकडे नाही, हा घरच्या व्हिजिटचा मोठा तोटा, तो बाहेर काढावा लागला, 1800 रुपये, आणि वाकडंतिकडं करून झोपवताना त्याचे हाल झाले ते वेगळेच. निघालं काय, तर दोन्ही खुब्यांत संधिवात, डावीकडे जास्त, आणि कंबरेच्या मणक्यांना हाडाचे काटे आलेले. मणक्याचं बघून मी हादरलो, पण त्या म्हणाल्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हे खूपदा दिसतं आणि नेहमी दुखतंच असं नाही, आपण ट्रीट कुत्र्याला करतो, एक्सरेला नाही. रक्त तपासलं दोन कारणांसाठी. एक, गोचिडीचा ताप, ज्यात प्लेटलेट पडतात आणि सांधे धरतात, आपल्या दमट मुंबईत गोचिड्या बारमाही. दोन, दुखण्याची गोळी सुरू करायच्या आधी किडनी-लिव्हर बघायचं म्हणून. दोन्ही ठीक निघालं.

गोळी कुत्र्यांसाठीचीच, खाण्यासोबत, 14 दिवस, मग परत बघू. उलटी किंवा काळी शी दिसली तर बंद करून फोन करायचा. आणि इथे एक गोष्ट ओरडून सांगतो, आमच्या मामाने फोनवर सल्ला दिलेला की माझी गुडघ्याची गोळी अर्धी दे. देऊ नका. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, घरातल्या डब्यातली अंगदुखीची कुठलीही गोळी मनाने कुत्र्याला द्यायची नाही, पोटात अल्सर होतो, किडनी-लिव्हर जातं.

वजन दोन किलो कमी करा म्हणाल्या. "काकू, पोळी किती देता?" आई म्हणाली अर्धी. मी गप्प बसलो. कंडक्टरही गप्प बसला.

हो, आणि त्यांनी जाताना हेही सांगितलं की सगळ्यांच्या घरी टाइल्सच निघतील असं नाही, कुत्रा कुठे आणि कधी अडतो ते आधी बघायचं. निघतो व्यवस्थित पण अर्ध्या वाटेत धापा टाकत बसतो, खोकतो, तर हृदय-फुफ्फुस बघायचं. फक्त अंधार पडल्यावर नको म्हणतो, तर डोळे. एकाच कोपऱ्यावर अडतो, तर तिथे काहीतरी झालंय, फटाका, दुसरा कुत्रा, काहीही. आणि अचानक मागचे पाय ओढायला लागला किंवा उभाच राहता येईना तर थांबायचं नाही, त्याच दिवशी इमर्जन्सीला न्यायचं. त्या स्वतः रात्री येत नाहीत, हे स्पष्ट सांगतात, ते आवडलं.

आता खरेदी. मागच्या पायांना आधार द्यायचा हार्नेस, 1450 रुपये. चांगला आहे, तीन पायऱ्या असतील तिथे उपयोगी, पण नर कुत्रा असेल तर पोटाखालचा पट्टा नेमका नको तिथे येतो, खाली कापून जागा सोडलेला घ्या, मी नाही घेतला आणि कंडक्टरने पहिल्याच दिवशी तो भिजवला.

मॅटचं आधी ट्रायल केलं ते योगा मॅटवर. बहिणीच्या दोन आणि माझी न वापरलेली एक, प्रत्येकी सहा फूट, बरोबर 18 फूट भरल्या. पहिल्या दिवशी एका मॅटवर उकडलेलं अंडं, दुसऱ्या दिवशी दोन मॅटवर, तिसऱ्या दिवशी गेटपर्यंत स्वतःच्या पायाने. मी खोटं बोलत नाही, आईने वॉचमनला पेढा दिला. फक्त योगा मॅट त्या टाइल्सवर स्वतःच सरकते, म्हणून मग नागदेवी स्ट्रीटला जाऊन रेघांची रबर मॅट आणली, तीन फूट रुंद, 20 फूट लांब, 2200 ला, घासाघीस करून. वजन विचारू नका, मशीद स्टेशनचा जिना चढताना मलाच हार्नेस लागला असता.

सेक्रेटरींनी लगेच हरकत घेतली, लॉबीचा लूक जातो, पाहुणे काय म्हणतील. तीन दिवस ग्रुपवर महाभारत झालं. तडजोड अशी की सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी सातला मॅट पसरायची, काम झालं की गुंडाळून मीटर बॉक्सच्या खाली. पॅसेजमधला सेन्सरवाला लाइट मध्येच विझायचा, म्हाताऱ्या डोळ्यांना अंधुक उजेडात कमी दिसतं म्हणून तेवढ्या वेळापुरता तो चालू ठेवायलाही तयार झाले. नखं दर दहा दिवसांनी थोडी थोडी, काळी असल्यामुळे आतली रक्ताची शीर दिसत नाही, पहिल्यांदा मॅडमनी कापली, 300 वेगळे, आता मी कापतो आणि आई दुसऱ्या खोलीत जाते.

आज दोन महिने झाले. पाच गार्डनांपैकी दोनच होतात, सकाळी 15 मिनिटं, संध्याकाळी 15, मध्ये बाकावर माझ्याबरोबर बसतो. दिवाण अजून बंदच. वजन दीड किलो उतरलंय.

तर मॅडमना पाचपैकी चार, कापलेला एक फक्त त्या जवळपास दोन तासांचा. हार्नेस तीन. मॅट साडेचार, अर्धा वासाचा कापला. घेतलीत तर आधी चार दिवस गच्चीवर उन्हात टाका, आम्ही त्याच दिवशी पसरली आणि कंडक्टर त्यावर पाय ठेवायच्या आधी तीनदा शिंकला.