ऐकलेल्या तळाला आकार देताना: क्लाउडकम्पेअरचे परीक्षण

पाण्याखालच्या वस्तूचे त्रिमितीय प्रारूप पडद्यावर फिरवून पाहताना आपण ती वस्तूच पाहत आहोत असे वाटू लागते. टायटॅनिकच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे, कारण २०२२ साली त्या अवशेषांची ७ लाखांहून अधिक छायाचित्रे घेऊन त्यांवरून प्रारूप तयार करण्यात आले. सोनारच्या, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणाऱ्या यंत्रणेच्या, माहितीवरून केलेल्या प्रारूपाची गोष्ट निराळी आहे. तेथे रंग नसतो, कडा दिसत नाहीत. ध्वनीला जाऊन परत यायला लागलेला वेळ, पाण्यातील त्याचा वेग आणि त्या क्षणी नौका किती कललेली होती याची नोंद, एवढ्या भांडवलावर प्रत्येक बिंदूची जागा ठरते. म्हणून अशा कामासाठी सॉफ्टवेअर निवडताना आकृती किती देखणी निघते हे मी शेवटी पाहतो. त्या आकृतीतला कोणता भाग सोनारने खरोखर ऐकला आणि कोणता भाग सॉफ्टवेअरने मनाने भरला, हे मला नंतरही वेगळे करून सांगता येते का, हा माझा पहिला प्रश्न असतो. क्लाउडकम्पेअर हे मोफत सॉफ्टवेअर या एका कसोटीवर मला सर्वाधिक भरवशाचे वाटले. इतर काही कसोट्यांवर मात्र ते तोकडे पडते.

हे सॉफ्टवेअर मुळात समुद्रासाठी लिहिलेले नाही. डॅनिएल जिरार्दो-मोंतो यांनी ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीच्या सहकार्याने केलेल्या पीएच.डी.च्या संशोधनातून ते आकाराला आले, आणि लेझर स्कॅनरने औद्योगिक वास्तूंची वेगवेगळ्या वेळी केलेली मोजणी एकमेकींशी ताडून त्यांतील बदल शोधणे हा त्याचा मूळ हेतू होता. नावातही तोच उतरला आहे: क्लाउड म्हणजे बिंदूंचा संच, कम्पेअर म्हणजे ताडून पाहणे. आज ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. बिंदू हाच त्याचा खरा ऐवज असून बिंदूंवरून विणलेली जाळी, म्हणजे मेश, ही त्याच्या दृष्टीने दुय्यम गोष्ट आहे. सोनारच्या कामात हा कल फार उपयोगी पडतो.

ते काय करत नाही हे आधीच सांगितलेले बरे. मल्टिबीम सोनारच्या, म्हणजे एकाच वेळी ध्वनीच्या अनेक झोतांनी (बीमनी) तळ मोजणाऱ्या सोनारच्या, कच्च्या फाइली ते वाचत नाही, आणि ध्वनिवेगाची किंवा भरती-ओहोटीची दुरुस्तीही करत नाही. समुद्राच्या पाण्यातील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरला जातो खरा, पण तापमान, क्षारता आणि दाब यांनुसार तो बदलतो. तो चुकला की बाजूचे बीम वाकतात आणि सपाट तळ दोन्ही कडांना वर उचललेला किंवा खाली झुकलेला दिसू लागतो. असा वाकलेला तळ क्लाउडकम्पेअरमध्ये सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, कारण दुखण्याचे मूळ आधीच्या टप्प्यात असते. हे आधीचे काम एमबी-सिस्टिमसारख्या मुक्त किंवा एखाद्या व्यावसायिक सॉफ्टवेअरमध्ये उरकून बिंदू साध्या मजकुराच्या अथवा बिंदूसंचांसाठीच्या लास स्वरूपाच्या फाइलीत बाहेर काढावे लागतात. साइड-स्कॅन सोनारची, म्हणजे दोन्ही बाजूंना तिरका ध्वनी सोडून घेतलेली, चित्रे तर येथे अजिबात उपयोगाची नाहीत. त्यांत वस्तूची उंची तिच्या सावलीच्या लांबीवरून अंदाजता येते, परंतु बिंदूंचा त्रिमितीय संच त्यांतून थेट मिळत नाही.

फाइल उघडताच सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारते आणि घाईत असलेला माणूस तो हमखास वाचत नाही. सर्वेक्षणातील निर्देशांक, म्हणजे बिंदूंची जागा सांगणारे आकडे, फार मोठे असल्याने ते शून्याजवळ सरकवावेत का, असा तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर जवळजवळ नेहमी ‘होय’ असेच असायला हवे. बिंदूंचे निर्देशांक ३२ बिटांच्या दशांश संख्यांत साठवले जातात; उत्तरेकडील अंतर ३०,००,००० मीटरच्या घरात असेल तर अशा दोन लगतच्या संख्यांमध्ये पाव मीटरचे अंतर पडते. सरकवण्यास नकार दिला तर सेंटिमीटरच्या काळजीने मोजलेले सारे बिंदू २५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांवर जाऊन बसतात आणि बुडालेल्या जहाजाच्या डेकवर नसलेल्या पट्ट्या उमटतात. सरकवलेले अंतर सॉफ्टवेअर लक्षात ठेवते आणि फाइल जतन करताना परत मिळवते, त्यामुळे त्यात गमावण्यासारखे काही नाही.

दुसरा सापळा खोलीच्या चिन्हाचा आहे, आणि त्यात मी स्वतः अडकलो होतो. माझ्या हाती आलेल्या फाइलीत खोली धन अंकांत होती, त्यामुळे जहाजाचे अवशेष उंचवटा दिसण्याऐवजी तळातील खड्ड्यासारखे दिसत होते. मी सगळा संच १८० अंशांत फिरवला, उंचवटा वर आला आणि मी समाधानाने पुढे गेलो. दोन दिवसांनी लक्षात आले की जहाजाची डावी बाजू उजवीकडे गेली आहे. फिरवल्याने आरशातील प्रतिमा सरळ होत नसते. त्यासाठी गुणाकाराच्या साधनात केवळ उभ्या अक्षाला उणे १ ने गुणावे लागते. चूक माझी होती. तरीही आयात करतानाच ‘ही खोली आहे की उंची’ असे विचारण्याची सोय येथे असती तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

साफसफाईच्या टप्प्यावर या सॉफ्टवेअरचे खरे गुण कळतात. आय-डोम लायटिंग नावाची छायांकनाची सोय सुरू केली की कोणतीही जाळी न विणता, नुसत्या बिंदूंमध्येच कडा आणि पोकळ्या उठून दिसतात. माशांच्या थव्यावरून किंवा हवेच्या बुडबुड्यांवरून परतलेले खोटे बिंदू मग डोळ्यांना चटकन सापडतात आणि कात्रीच्या साधनाने वेगळे काढता येतात. कात्री कापलेले बिंदू पुसून टाकत नाही, ते निराळ्या संचात ठेवते. हा बारकावा मला विशेष मोलाचा वाटतो, कारण आज कचरा वाटलेला पुंजका उद्या डोलकाठीचा तुकडा निघू शकतो. आपोआप गाळणीच्या बाबतीत मात्र सावध राहावे. एसओआर ही गाळणी मूळ मांडणीत प्रत्येक बिंदूचे ६ शेजारी पाहते आणि सरासरीपेक्षा एका प्रमाण विचलनाहून अधिक एकाकी असलेले बिंदू बाजूला काढते. सपाट तळासाठी हे ठीक आहे. परंतु डोलकाठी, कठडा, क्रेनचा दांडा अशा बारीक वस्तूंवर मुळातच मोजके बिंदू पडतात, आणि नेमके तेच एकाकी ठरून गळतात. मी तळ आणि अवशेष आधी कात्रीने वेगळे करतो, गाळणी फक्त तळाला लावतो आणि अवशेष हातानेच साफ करतो. त्यात वेळ जातो, पण त्याला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही.

आता मुख्य प्रश्न, म्हणजे बिंदूंवरून घन आकृती घडवण्याचा. सॉफ्टवेअरमध्ये दोन वाटा आहेत. पहिली, डेलोने पद्धतीची अडीच मितींची जाळी, काही क्षणांत तयार होते आणि वाळूच्या लाटा, नळांचे चर, गाळाचे ढिगारे यांसाठी पुरेशी असते. मात्र तिच्यात तळावरील प्रत्येक जागेला एकच उंची मिळते. जहाजाच्या उभ्या भिंतीवर वरचा आणि खालचा बिंदू एकमेकांना जोडले जाऊन पडदा टांगल्यासारखे लांब त्रिकोण तयार होतात. त्रिकोणाच्या बाजूची कमाल लांबी ठरवून दिली की हे पडदे गळून पडतात आणि त्यांच्या जागी भोके उरतात. माझ्या मते ती भोकेच बरी.

दुसरी वाट पॉइसन पुनर्रचनेची. मायकेल कझदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेली ही पद्धत येथे प्लगइनच्या, म्हणजे जोड-साधनाच्या, रूपात मिळते. ती प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, म्हणजे त्याचा नॉर्मल, यावर अवलंबून असते. सोनार वरून पाहत असल्याने नॉर्मल वरच्या दिशेला वळवणे बहुतेक ठिकाणी चालते. उभ्या बाजूंवर आणि पुढे झुकलेल्या भागांखाली ते चुकतात, आणि चुकले की पृष्ठभागावर फुगे येतात. तपशिलाची पातळी ८ ठेवली तर आकृतीला वेढणाऱ्या घनाच्या प्रत्येक बाजूचे २५६ भाग पडतात, म्हणजे १०० मीटर लांबीच्या अवशेषाला सुमारे ४० सेंटिमीटरचा कण मिळतो. पातळी १० केली की तोच कण सुमारे १० सेंटिमीटरवर येतो. येथे मोह होतो. पण १ अंश रुंदीचा बीम ५० मीटर खोलीवर सुमारे ८७ सेंटिमीटरचा ठिपका व्यापतो. एकमेकांवर पडणाऱ्या ठिपक्यांमुळे आकार त्याहून थोडा बारीक कळतो हे मान्य केले, तरी अशा मोजणीतून १० सेंटिमीटरची कड काढली तर ती बहुतांशी गणिताची कड असते. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ या मानकाच्या २०२० सालच्या सहाव्या आवृत्तीत ‘विशेष’ श्रेणीसाठी १ मीटरहून मोठी घनाकार वस्तू शोधता यावी अशी अपेक्षा आहे. वस्तू तेथे आहे हे कळणे आणि तिचा आकार कळणे यांत मोठे अंतर आहे, हे अशा वेळी आठवावे.

पॉइसन पद्धतीचा स्वभाव असा की ती भोक सहन करत नाही. जहाजाच्या पोटाखाली ध्वनी पोहोचलेलाच नसतो, तरी तेथे गुळगुळीत, पटण्याजोगा पृष्ठभाग तयार होतो, आणि पाहणाऱ्याला तो मोजलेल्या भागाइतकाच खरा वाटतो. क्लाउडकम्पेअरने या जागी फार चांगली सोय दिली आहे. पुनर्रचना करताना घनतेची नोंद मागितली तर पृष्ठभागाच्या प्रत्येक भागाला किती बिंदूंचा आधार होता हे रंगांत दिसते. पट्टीवरचे खालचे टोक सरकवत नेले की आधार नसलेले भाग एकेक करून नाहीसे होतात आणि सोनारने ऐकलेले तेवढेच उरते. मी आता प्रत्येक प्रारूपाच्या दोन प्रती देतो: एक पूर्ण भरलेली आणि एक अशी छाटलेली. ज्यांना प्रदर्शनात मांडायचे असते ते पहिली घेतात. ज्यांना त्या अवशेषांवर पाणबुडे उतरवायचे असतात त्यांना मी दुसरी आधी पाहायला लावतो.

त्रिमितीय छपाईसाठी मात्र सर्व बाजूंनी बंद आणि खाली सपाट बैठक असलेली आकृती लागते. ती बैठक येथे जोडणे कष्टाचे आहे. जाळीची दुरुस्ती आणि शिल्पासारखी घडण हा या सॉफ्टवेअरचा प्रांत नाही. प्रारूप ओबीजे किंवा एसटीएल स्वरूपात बाहेर काढून उरलेले काम मेशलॅब किंवा ब्लेंडर या त्रिमितीय आकृतींच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे. ओघात एक गोष्ट: ब्लेंडरमध्ये नेल्यावर प्रारूपाला गंज, शेवाळ आणि निळसर प्रकाश द्यावासा वाटतो, आणि दिला की ते छायाचित्रासारखे दिसू लागते. खोलीनुसार रंगवलेले ओबडधोबड प्रारूप सोनारशी अधिक प्रामाणिक असते.

ज्या कामासाठी हे सॉफ्टवेअर जन्मले, ते काम समुद्रातही ते उत्तम करते. एकाच अवशेषाची दोन वेगवेगळ्या वर्षांची मोजणी हाताशी असेल तर २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम-३-सी-२ पद्धतीने त्यांतील अंतर काढता येते. ही पद्धत नदीच्या घळीतील खडबडीत पृष्ठभागांसाठी विकसित झाली असल्याने गाळाने वेढलेल्या ओबडधोबड अवशेषांना ती चांगली लागू पडते. ती फरकाबरोबर त्या फरकाची अनिश्चितताही सांगते, त्यामुळे जहाजाभोवतीची वाळू खरोखर ४० सेंटिमीटरने धुपली आहे की दोन सर्वेक्षणांच्या जुळणीतच तेवढा दोष आहे, याचा विचार करणे भाग पडते. जुळणीतील दोषाचा आकडा मात्र आपणच द्यायचा असतो; तो शून्य ठेवला तर सगळीच धूप खरी ठरते.

उणिवांपैकी सर्वांत जाचणारी म्हणजे केलेली क्रिया मागे घेण्याची सर्वसाधारण सोय नसणे. प्रत्येक मोठ्या पायरीआधी संचाची प्रत काढण्याची सवय लावून घ्यावीच लागते. आज्ञांची यादी दाट आहे, चिन्हे बुचकळ्यात टाकतात, आणि पहिल्या आठवड्यात हवी ती गोष्ट सापडण्याऐवजी नको त्या दहा सापडतात. एकदा पायऱ्या पक्क्या झाल्या की त्या आज्ञांच्या ओळीतून (कमांड लाइन) एकामागून एक चालवता येतात, आणि डझनभर फाइली रात्रभरात उरकतात.

ज्यांना कच्च्या सोनार नोंदींपासून छापील नकाशापर्यंत सर्व काही एकाच खिडकीत हवे आहे, त्यांनी व्यावसायिक जलसर्वेक्षण प्रणालीच घ्यावी. ज्यांच्याकडे स्वच्छ केलेले बिंदू आहेत आणि त्यांतून जहाज, खडक, पुलाचा खांब किंवा बंधाऱ्याची भिंत अशी वस्तू उभी करायची आहे, त्यांनी क्लाउडकम्पेअरला पंधरा दिवस द्यावेत. या पंधरा दिवसांतले पहिले दोन जाळी न विणता, फक्त बिंदू फिरवून पाहण्यात घालवावेत.