बँक्सीची बिनसहीची की फेअरीची सहीची? पहिली स्क्रीन प्रिंट घेण्याआधी

स्ट्रीट आर्टची लिमिटेड एडिशन प्रिंट घ्यायची म्हटलं की बहुतेकांची गाडी दोन नावांवर अडते: ब्रिस्टलचा बँक्सी आणि लॉस एंजेलिसचा शेपर्ड फेअरी, म्हणजे ‘ओबे’ या ब्रँडवाला. तंत्र दोघांचं एकच, स्क्रीन प्रिंटचं, आपल्याकडे लग्नपत्रिका छापणाऱ्याचं असतं तेच. चौकटीवर ताणलेली जाळी, दर रंगाला वेगळी चौकट आणि रबरी पट्टीने ओढलेली शाई. पण फेअरीकडे तुम्ही कागद आणि शाई विकत घेता, बँक्सीकडे निम्मे पैसे कागदपत्रांचे असतात.

बँक्सीच्या प्रिंट लंडनच्या ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ने काढल्या. ते दुकान आता बंद आहे, त्यामुळे जुन्या प्रिंट मिळतात त्या लिलावात किंवा डीलरकडे, आणि लिलावात बोलीवर साधारण चौथाई रक्कम प्रीमियम म्हणून चढते. ‘गर्ल विथ बलून’ २००४ साली निघाली, तेव्हा १५० प्रती सहीच्या आणि ६०० बिनसहीच्या होत्या. चित्र तेच, पेन्सिलीच्या एका सहीसाठी किंमत कित्येक पट. तेवढे पैसे हातात असतील तरी पहिल्या खरेदीला आम्ही डाग पडलेल्या सहीच्या प्रतीपेक्षा स्वच्छ बिनसहीची प्रत घ्यायला सांगू.

मात्र ‘पेस्ट कंट्रोल’चं प्रमाणपत्र नसेल तर बोलणीच करू नका. प्रिंट खरी आहे की नाही हे ठरवणारी, बँक्सीने २००८ साली उभी केलेली ही संस्था सोडून दुसऱ्या कुणाच्या शिक्क्याला बाजारात किंमत नाही. त्या प्रमाणपत्राला डायना राजकन्येचा चेहरा असलेल्या नकली दहा पौंडी नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा स्टेपल केलेला असतो, त्यावर हाताने लिहिलेला नंबर असतो आणि उरलेला अर्धा संस्थेकडे राहतो. दोन तुकड्यांची फाटलेली कड जुळते की नाही, ही खरी परीक्षा. विक्रेता ‘प्रमाणपत्र नंतर मागवून देतो’ म्हणाला तर ते येईपर्यंत पैसे देऊ नका. ‘वेस्ट कंट्री प्रिन्स’ नावाने निघालेल्या प्रतिकृतीही फिरत असतात. शोभेला ठीक, बँक्सी म्हणून नाही.

फेअरीचं गणित सोपं आहे. त्याच्या संकेतस्थळावर नवी प्रिंट येते ती सहसा १८ × २४ इंचांची, काही शे प्रतींची, बारीक ठिपके असलेल्या जाड क्रीम रंगाच्या ‘स्पेकलटोन’ कागदावर. खाली पेन्सिलीने सही आणि नंबर, किंमत काही डझन डॉलर, माणशी एकच. चांगलं चित्र काही मिनिटांत संपतं, म्हणून खातं, पत्ता आणि कार्ड आधीच भरून ठेवा. चुकलात तर लगेच चढ्या भावाने घेऊ नका. प्रिंट लोकांच्या हातात पोचल्या की पुन्हा विक्रीला येतात.

फेअरी घेताना लोक फसतात ते ऑफसेट, म्हणजे छापखान्याच्या यंत्रावर छापलेल्या, पोस्टरला. त्याची सही असलेली, नंबर नसलेली ऑफसेट पोस्टरंही अधिकृतपणेच विकली जातात आणि फेरविक्रीत कुणीतरी त्यांनाच ‘साइन्ड प्रिंट’ म्हणतं. त्याच्या २००८ च्या, ओबामांच्या चेहऱ्याच्या ‘होप’ची तर ऑफसेट पोस्टरं ढिगाने छापली गेली. दहापट भिंगाखाली सपाट लाल रंग बघा. स्क्रीन प्रिंटमध्ये तो एकसंध दिसतो, ऑफसेटमध्ये निळ्या-गुलाबी-पिवळ्या-काळ्या ठिपक्यांची फुलं दिसतात. छटा दाखवायला स्क्रीन प्रिंटमध्येही ठिपके असतात, पण ते एकाच शाईचे. कागद तिरपा धरून उजेडात पाहिला की एका रंगावर दुसरा चढतो तिथे बारीक पायरीही दिसते.

नंबराचं एक खूळ असतं. ३/४५०, म्हणजे साडेचारशेतली तिसरी, ही प्रत ४१२/४५० पेक्षा सरस नसते. तांब्याच्या कोरीव प्लेटवरच्या छपाईत प्लेट झिजते म्हणून आधीच्या प्रतींना मान, पण इथे इतक्या प्रतींत जाळीला काही होत नाही. सही करताना आणि नंबर टाकताना गठ्ठा वर-खाली होतो ते वेगळंच.

भारतात मागवताना सीमाशुल्काचा विचार आधीच करा. सीमाशुल्काच्या दरसूचीत ‘मूळ प्रिंट’साठी ९७०२ हे शीर्षक आहे, पण प्रकरण ९७ ची टीप ती कलाकाराने पूर्णपणे हाताने केलेल्या प्लेटवरूनच हवी म्हणते आणि यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक पद्धत वगळते. फोटो-इमल्शनच्या, म्हणजे प्रकाशाने चित्र उतरवलेल्या, जाळीवरून छापलेली प्रिंट त्यामुळे ४९११ खाली, साधं छापील चित्र म्हणून धरली जाऊ शकते. शुल्काचा दर त्या दिवशीचा बघा. किंमत कमी लिहून पाठवायला सांगू नका, कारण प्रिंट गुंडाळून येते ती पुठ्ठ्याची नळी चेपली तर विमाही तेवढाच मिळतो.

नळी आली की टोकाचं बूच काढून बोटाने कड ओढायची नाही, तिथेच नखाएवढी चंद्रकोरीची चुणी पडते आणि ती निघत नाही. नळी आडवी धरून आतल्या गुंडाळीसकट हळूच सरकवा. मग आम्लमुक्त कागदांच्या मध्ये, वर सपाट फळी ठेवून तीन-चार दिवस पसरून ठेवा. घट्ट गुंडाळून महिनोन्‌महिने ठेवली तर शाईचे जाड थर तडकतात आणि सपाट काळ्यावर घासल्याच्या रेघा उठतात.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी बजावा: मागे हार्डबोर्ड थेट लावायचा नाही, तपकिरी टेप नको, काच प्रिंटला टेकायची नाही. प्रिंटभोवती जाड आम्लमुक्त कागदाचा माउंट, वर अतिनील किरण अडवणारी काच, आणि प्रिंट जपानी कागदाच्या बिजागऱ्यांवर गव्हाच्या खळीने वरच्या कडेला टांगलेली. चारही बाजूंनी चिकटवली तर पावसाळ्यात कागद फुगून लाटा येतात. मुंबई, कोकण किंवा गोव्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका. ती भिंत ओल धरते, मग क्रीम कागदावर आधी तपकिरी ठिपके येतात आणि पाठोपाठ कसर.

दर महिन्याच्या खर्चातून पैसे काढणार असाल तर फेअरी घ्या, चूक झाली तरी परवडते. लाखांत गुंतवायचे असतील आणि सहा महिने योग्य प्रतीची वाट बघायची तयारी असेल तरच बँक्सी.