पूल टेबलाचा आवाज कमी करणारा संच : चार महिन्यांच्या वापरानंतर

आमचे पूल टेबल वरच्या मजल्यावर आहे आणि त्याच्या बरोबर खाली आईची झोपायची खोली आहे. टेबल सात फुटी, स्लेट दगडाच्या पाटाचे असून पॉकेटमध्ये पडलेला चेंडू आतल्या पन्हळीतून घरंगळत एका टोकाच्या पेटीत येतो. रात्री खेळ रंगला की सकाळी आईचे वाक्य ठरलेले असे, "काल पुन्हा छतावरून वरवंटा गडगडत होता." त्या वरवंट्याचा बंदोबस्त करण्यासाठी मी टेबलाचा आवाज कमी करणारा एक तयार संच घेतला. त्यात पायांखाली ठेवायच्या चार जाड रबरी चकत्या, पन्हळीत चिकटवायच्या नमद्याच्या पट्ट्या, पॉकेटच्या आत बसवायची रबरी अस्तरे आणि पेटीसाठी फोमचा एक तुकडा एवढे सामान येते. खोक्यावर चकत्यांचे चित्र सर्वांत मोठे आहे आणि संचातील सर्वांत निरुपयोगी वस्तूही त्याच ठरल्या.

संच बसवण्यापूर्वी मी एक प्रयोग केला. धाकट्या भावाला वर खेळायला लावून मी स्वतः आईच्या खोलीत बसलो. त्याने जोरात ब्रेक, म्हणजे रचलेले चेंडू फोडणारा पहिला फटका, मारला, तेव्हा वरच्या खोलीत कानठळ्या बसवणारा तो आवाज खाली जेमतेम पोहोचला. मग त्याने एकेक चेंडू हलकेच पॉकेटमध्ये ढकलला आणि प्रत्येक वेळी आधी 'धप्प', मग लांबलचक गडगड आणि शेवटी पेटीतली 'टक्क' स्पष्ट ऐकू आली. याचे कारण सोपे आहे. फिनॉलिक रेझिनचे, 57.15 मिलिमीटर व्यासाचे हे कडक चेंडू एकमेकांवर आदळतात, तेव्हा त्यांचा स्पर्श सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो, त्यामुळे निघणारा आवाज तीक्ष्ण आणि उंच पट्टीचा असतो. असा आवाज बंद दार, जाड पडदे आणि मजल्याची जमीन बऱ्यापैकी अडवतात. याउलट सुमारे 160 ग्रॅमचा चेंडू पन्हळीत पडतो, तेव्हा तो हादरा लाकडी सांगाड्यातून पायांत आणि पायांतून थेट जमिनीत उतरतो. हवेतला आवाज आणि बांधकामातून जाणारा हादरा हे दोन वेगळे शत्रू आहेत, हे आधी कळले असते तर मी पडद्यांवर एवढा खर्च केला नसता. फोनवरील आवाज मोजण्याच्या ॲपवरही फार विसंबू नये, कारण क्षणभराचा ठोका त्या आकड्यांच्या सरासरीत विरून जातो. माझ्यासाठी आईचे कान हेच अधिक भरवशाचे यंत्र ठरले.

आता चकत्यांविषयी. आमच्या टेबलाचे वजन अडीचशे ते तीनशे किलोंच्या दरम्यान आहे, म्हणजे प्रत्येक पायावर सुमारे सत्तर किलोंचा भार येतो, आणि तोही तळहाताएवढ्या जागेवर. संचातील रबर हाताने दाबले तर छान लवचीक वाटते, परंतु या भाराखाली ते पहिल्याच दिवशी निम्मे दबले आणि पुढचे तीन आठवडे थोडे थोडे दबतच राहिले. पूर्ण दबलेले रबर हादरा गिळत नाही, ते लाकडाच्या ठोकळ्यासारखेच वागते. त्यातही चारही चकत्या सारख्या दबल्या नाहीत, त्यामुळे हळू सोडलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात डाव्या कोपऱ्याकडे वळू लागला. मी पाणसळ घेऊन तीनदा टेबल समपातळीत आणले आणि चौथ्यांदा त्या चकत्या काढून टाकल्या. त्यांच्या जागी अधिक कडक रबर आणि त्यावर भार पसरवण्यासाठी प्लायवूडची रुंद तबकडी अशी जोडी ठेवल्यानंतर पातळी टिकली आणि खालच्या खोलीतली धडधडही थोडी मवाळ झाली. संचासोबतच्या माहितीपत्रकात टेबल किती वजनाचे असावे किंवा चकत्या ठेवल्यावर पातळी पुन्हा पाहावी, याचा चकार शब्द नाही, ही या उत्पादनाची सर्वांत मोठी चूक मला वाटते.

नमद्याच्या पट्ट्यांनी मात्र सगळी कसर भरून काढली. पन्हळ प्लास्टिकची असल्यामुळे तिच्यात चेंडू घरंगळताना ती आख्खी डफासारखी वाजते, आणि आत मऊ अस्तर आले की गडगडीचे रूपांतर एका पुसट घसट्यात होते. अर्थात हे काम दिसते तितके सोपे नाही. पहिल्या दिवशी मी उत्साहाने संपूर्ण पन्हळीला पट्ट्या लावल्या आणि भर खेळात क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा पांढरा चेंडू, मध्येच अडकून बसला, कारण पन्हळीचा उतार मुळातच कमी आणि नमद्यावर चेंडूचा वेग लवकर मरतो. मग टॉर्च तोंडात धरून, टेबलाखाली पाठीवर झोपून मी सरळ भागातल्या पट्ट्या काढल्या आणि जेथे चेंडू वरून पडतो त्या जागा व वळणे एवढीच झाकलेली ठेवली. दोन पट्ट्यांच्या सांध्यावर वरची पट्टी खालचीवर, म्हणजे कौलांसारखी चढवावी लागते. उलट लावली तर चेंडू त्या कडेला ठेचकाळतो आणि तेथेच थांबतो. संचात एकाच जाडीच्या पट्ट्या आहेत, त्याऐवजी पातळ आणि जाड अशा दोन जाडीच्या दिल्या असत्या तर माझा एक रविवार वाचला असता. गोंद मात्र उत्तम आहे, चार महिन्यांत एकही कड सुटलेली नाही.

पॉकेटच्या रबरी अस्तरांबद्दल मला फारसे बरे बोलता येत नाही. त्यांचा वास आठवडाभर गेला नाही, हे एक वेळ चालले असते. पण त्यांच्यामुळे कोपऱ्यांतील पॉकेटचे तोंड किंचित अरुंद झाले आणि वेगाने आलेला चेंडू मागच्या कडेवर उसळून पुन्हा पाटावर येऊ लागला. आवाज वाचवण्यासाठी खेळ बिघडवणे मला मान्य नाही, म्हणून ती मी काढली. पेटीतल्या फोमचे काम चांगले आहे, फक्त तो तळाऐवजी चेंडू ज्या भिंतीवर येऊन आदळतो तिला लावावा. आधीच्या चेंडूवर नंतरचा आपटण्याचा आवाज त्यानेही जात नाही.

या संचात नसलेली आणि तरीही सर्वाधिक फरक पाडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कुशनच्या, म्हणजे टेबलाच्या कडेच्या रबरी, पट्ट्या खालून ज्या बोल्टनी आवळलेल्या असतात, त्यांतले आमचे पाच ढिले निघाले. चेंडू कुशनला लागला की जो भसाड्या, पोकळ आवाज येत असे, तो मी इतकी वर्षे टेबलाचा स्वभाव समजत होतो. एक पाना आणि वीस मिनिटे एवढ्यात तो गेला, शिवाय चेंडू कुशनवरून परत येण्याचा वेगही सुधारला. तेव्हा कोणताही संच मागवण्याआधी टेबलाखाली एकदा डोकावून पाहावे.

ज्यांच्या टेबलाला पन्हळ नसून पॉकेटला जाळ्या आहेत, त्यांनी हा संच घेऊ नये. जाळीच्या तळाशी मऊ कापडाची घडी ठेवली की त्यांचे काम भागते. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीच्या, पाटाचे हलके टेबल असेल तर तो पाट स्वतःच ढोलासारखा घुमतो आणि त्यावर या संचात काहीही उपाय नाही. स्लेटचे, पन्हळीचे टेबल आणि खाली कोणी झोपणारे असेल, तर नमद्याच्या पट्ट्या सुट्या मिळतात का ते आधी विचारावे, न मिळाल्यास पूर्ण संच घेऊन चकत्या व अस्तरे बाजूला ठेवावीत. आईची तक्रार आता मधल्या डाव्या पॉकेटपुरती उरली आहे, कारण तेथे चेंडू पन्हळीत पडण्याआधी लाकडाच्या एका आडव्या पट्टीवर आदळतो आणि त्या फटीत माझा हात अजून पोहोचलेला नाही.